तार गाता कामा नये

प्रिय ठिणगी,

आज सकाळी मी एक उकडलेलं अंडं खाल्लं. ते मला केवढ्याला पडलं ते आधी ऐक. एक नवं लाकडी खुराडं, जे मी स्वतः ठोकलं आणि ठोकता ठोकता डावा अंगठाही ठोकून घेतला. एक दिव्यांची पट्टी आणि तिला वीज पुरवणारा डबा. शिंपल्यांच्या चुऱ्याचं एक अख्खं पोतं, जे आता आपल्या नातवंडांच्या कोंबड्यांनासुद्धा पुरेल. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची घरी येण्याची फी. शेजारच्या शिंप्याशी जवळजवळ तुटलेली मैत्री, जी सांधायला त्याच्या शिलाई मशीनची मोटर नवी तार गुंडाळून फुकट भरून द्यावी लागली. तुझ्या आईचा दीड दिवसाचा अबोला. आणि शिवाय माझी एक गोष्ट गेली, जी कुठल्या दुकानात परत मिळत नाही. ती कुठली, ते आत्ताच सांगत नाही. तू शेवटचं पान आधी उघडून बघणारी मुलगी आहेस, मला माहीत आहे. तरी या वेळी क्रमाने वाच. पण पोरी, अंडं होतं मात्र असं, की पिवळा बलक बघून मला पहिल्यांदा भरलेली मोटर सुरू झाली तेव्हाचा दिवस आठवला!

फोन असताना बाबांना कागद कुठून आठवला, असं म्हणशील. त्यालाही कारण आहे. तेही क्रमाने.

तू नोकरीवर गेलीस तेव्हा एक पिशवी घेऊन गेलीस आणि पाच कोंबड्या माझ्या गळ्यात बांधून गेलीस. दारात उभी राहून म्हणालीस, "बाबा, मोटरींना दाणा लागत नाही, यांना लागतो. तेवढं विसरू नका." मी काही विसरलो नाही. हवालदारीण, मास्तरीण, काळी, लंगडी आणि ती आळशी महाराणी, पाचही जणी माझ्या हातून खातात. हवालदारीण तर रोज सकाळी वर्कशॉपच्या उंबऱ्यावर येऊन माझी हजेरी घेते. आणि तू दर रविवारी फोन केलास की पहिला प्रश्न एकच असायचा, "बाबा, अंडी किती?" मी आकडा सांगायचो. बाकी आपलं बोलणं फारसं होत नव्हतं हे खरं. पण तेवढं होत होतं.

मग अंडी आटू लागली. एखाद-दुसऱ्यावर आली; साफ बंद झाली ती पुढे. पाच कोंबड्यांनी एकमताने संपाची नोटीसच दिली. आणि त्याच सुमाराला, गेल्या काही रविवारांत, तू फोनवर मला मागणंच बंद केलंस. अंडी किती हेसुद्धा आईलाच विचारलंस. तिने खरं ते सांगितलं. मी पलीकडच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?" आई म्हणाली, "म्हणाली, बाबांचं लक्ष नसेल त्यांच्याकडे. आणि या सुट्टीत येईल असं वाटत नाही." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली, आणि भांडी अशी घासली की त्यांचा काही गुन्हा असावा.

माझं लक्ष नाही! वाक्य मला असं लागलं की त्याच दिवशी मी वर्कशॉपची फळी निम्मी ओढली आणि कामाला लागलो. ठरवलं, या पाच जणींना पुन्हा पहिल्यासारखी अंडी घालायला लावायचीच, आणि तू फोन करशील तेव्हा आईच्या हातून फोन ओढून घेऊन आकडा सांगायचा.

माझी पद्धत तुला माहीत आहे. बंद मोटर आली की मी लगेच ती उघडत नाही. आधी बाहेरची कारणं एकेक करून खोडायची. तेच केलं. वय? नाही, सगळ्या ऐन उमेदीत आहेत. पिसं झडतायत का? महाराणीची थोडी झडली होती, तिला माफ. खुडूक बसलंय का कोणी? एकही नाही. बसायचं सोडाच, सगळ्या दिवसभर फुलझाडांची नासधूस करत हिंडत होत्या. उवा? पंख उचलून बघितले, स्वच्छ. स्वतःचीच अंडी फोडून खातायत का? कवचाचा कपटासुद्धा नाही. पाणी ताजं, दाणा भरपूर, वर कवचासाठी शिंपल्यांचा चुरा. उरला उजेड. दिवस लहान झाले की कोंबड्या अंडी कमी करतात, हे तूच मला सांगितलं होतंस. सुरुवातीला अंडी कमी झाली ती त्यामुळेच, यात शंका नाही. म्हणून मी जुनं, गळकं खुराडं मोडून नवं केलं आणि आत दिव्यांची पट्टी लावली. पहाटेपासून पार दुपारपर्यंत उजेड! पट्टीबरोबर आलेला विजेचा डबा रद्दी निघाला, तर त्यातली चिमुकली कॉइल मी स्वतः पुन्हा भरली. केसासारखी तार, भिंग लावून. बटण दाबलं, दिवे लागले, मी कान लावला. एकदम शांत. आईला हाक मारून म्हटलं, बघ, याला म्हणतात काम.

आई म्हणाली, "अहो, हे किंचाळतंय."

मी म्हटलं, "काहीही किंचाळत नाहीये."

ती म्हणाली, "किंचाळतंय. डोक्यात जातंय."

आता तूच सांग, मला राग येणार नाही? या कानांवर मी संसार उभा केला. उस्तादांकडे तांब्याचे तुकडे झाडायला लागलो तेव्हा मीटर घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून कान घासून घेतले. पुढे गिरणीवाले, पंपवाले, कारखान्यांचे साहेब, सगळे मोटर हातगाडीवर घालून आणायचे आणि मी हातातला चहा खाली न ठेवता सांगायचो: बेअरिंग, किंवा एका बाजूची कॉइल, किंवा काही झालेलं नाही, घरी न्या. आपल्या पाटीवर अजून लिहिलेलं आहे, "कानाने तपासणी मोफत". म्हणून मी तुझ्या आईला छाती काढून सांगितलं, "ज्या आवाजाला मी ओळखत नाही, तो आवाज या जगात नाही." ती म्हणाली, "बरं." तुझ्या आईचं 'बरं' काय असतं ते तुला सांगायला नको. दीड दिवसाचा अबोला तो हाच.

नवं खुराडं झालं, दिवा लागला आणि होती नव्हती ती अंडीही बंद झाली. पण गंमत बघ. रोज सकाळी अंडं घातल्याची ती दवंडी मात्र ऐकू यायची, कॉक-कॉक-कॉक-कुकाऽक! धंद्यातल्या माणसाला हे लगेच खटकतं. जाहिरात आहे आणि माल नाही, याचा अर्थ माल मधल्या मधे जातोय. तेवढ्यात शेजारून, शिंप्याच्या स्वयंपाकघरातून, भिंतीपलीकडून जाड आवाज आला, थड-थड-थड-थड. पातेल्यात लाकडी डाव. अंडी फेटल्याशिवाय असा आवाज येत नाही! मी तडक त्याच्या दारात. म्हटलं, "काय शिंपीबुवा, नाश्ता जोरात दिसतोय." तो पातेलं घेऊनच बाहेर आला. आत कॉलरींना लावायची खळ. पांढरीशुभ्र. मी पातेल्यात बघतोय, तो माझ्याकडे बघतोय. शिंपी माणूस, माप घेतल्याशिवाय सोडतो का? म्हणाला, "तुमच्या कोंबड्यांची अंडी चोरतो असं वाटलं ना तुम्हाला? या, आत या, चव घ्या." मग आत जाता जाता मांजरांबद्दल आणखी काहीतरी बोलला. मी मान डोलावली आणि घरी आलो. त्या मान डोलावण्याकडे लक्ष असू दे, पुढे येणार आहे.

शेवटी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तुझ्याच वयाच्या, पण बोलायला तुझ्याहून तिखट. मी त्यांना सगळी खोडलेली कारणं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि हवालदारणीला काखेत मारलं. तुरा बघितला, लालभडक. मग तिला उलटी करून शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेवली. म्हणाल्या, "काका, तीन बोटं मावतायत. अंडी बंद केलेल्या कोंबडीला इथे एक बोटसुद्धा धड जात नाही." एकेक करून आणखी तिघींचं तेच. महाराणीचं मात्र खरंच बंद होतं. मग हात धुता धुता म्हणाल्या, "यांनी अंडी बंद केलेली नाहीत. तुमच्या घरात घालायची बंद केलीयेत. कुठे घालतायत ते शोधा, आणि इथे का घालत नाहीत तेही शोधा." एवढं बोलून फी घेतली आणि गेल्या. पोरी, मला असा आनंद झाला! बंद पडलेली मोटर आणि दुसरीकडेच फिरणारी मोटर यांत जमीन-अस्मानाचा फरक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात स्टूल टाकून, पेपर उघडून, पेपर न वाचता बसलो. हवालदारीण खुराड्यातून निघाली. माझ्यासमोरून अशी गेली, जशी काही भाजी आणायला चाललीये. मध्येच थांबून एक किडा खाल्ला, दाखवण्यापुरता. मग वर्कशॉपला वळसा. मी मागे. ती थांबली की मी पत्र्यावरचा गंज बघितल्यासारखं करायचो. मागच्या शेडमध्ये, भंगाराच्या मागे, तिने एकदा आजूबाजूला पाहिलं आणि एका उडीत आत शिरली. कशात शिरली माहीत आहे? त्या मोठ्या मोटरच्या रिकाम्या बॉडीत!

तीच गं. आतलं सगळं काढून ठेवलेली, पिंपाएवढी, आडवी पडलेली. लहानपणी माझ्यावर रुसलीस की तू त्यात जाऊन बसायचीस. मी बाहेरून पान्याने ठोकायचो, "मालक आहेत का घरात?" आणि तू आतून घुमणाऱ्या आवाजात "नाहीत" म्हणायचीस. भंगारवाल्याने किती वेळा मागितली, मी दिली नाही. वजनाला बरी होती, पण दिली नाही.

मी गुडघ्यांवर बसून आत हात घातला. कॉइल बांधायच्या सुती पट्टीच्या चिंध्यांच्या गादीवर अंडी! अंडीच अंडी! एकावर एक, एवढी की हवालदारणीला बसायला जागा नव्हती, ती त्यांच्यावरच बसली होती आणि मला टोचत होती. मी ओरडतच घरात पळालो. आई हातातलं काम टाकून बादली घेऊन आली. पाण्यात एकेक सोडलं. तळाला आडवी बसली ती ताजी, वर तरंगली ती गेली. आम्ही दोघं अंगणात उकिडवे बसून हसत होतो, आई तर इतकी की तिला ठसका लागला. मी म्हटलं, "आता एवढंच कळत नाही, एवढा राजवाडा बांधून दिला तो सोडून या बायका भंगारात का जातात?"

आई म्हणाली, "त्या किंचाळण्यात कोण बाळंत होईल?"

मी म्हटलं, "कुठलं किंचाळणं?"

तिने हातातलं अंडं बादलीत ठेवलं. मग उठली, खुराड्याचं बटण बंद केलं, माझ्याकडे बघितलं, चालू केलं, परत बघितलं. मी तिथेच उभा. मला बटणाचा आवाज आला, बाकी काही नाही. तिचं हसू हळूहळू उतरलं. म्हणाली, "अहो, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही? मला वाटलं, हट्टाला पेटलात." तिने भिंतीवरून शिंप्याला हाक मारली. तो म्हणाला, "पार दुकानात येतो की आवाज. मीच म्हटलं ना त्या दिवशी काकांना, तुमच्या शिट्टीने मांजरं फिरकेनाशी झाली, झकास युक्ती आहे म्हणून. मान डोलावली की त्यांनी!"

मी डबा उघडला. माझीच कॉइल. वार्निश आतपर्यंत मुरलं नव्हतं, त्यामुळे तार सैल राहिली होती आणि वीज आली की थरथरत होती. तुझ्या हातात तार दिली त्या पहिल्या दिवसापासून मी काय सांगत आलो? तार घट्ट बसली पाहिजे, वार्निश मुरलं पाहिजे, तार गाता कामा नये. माझी तार गात होती, सगळी गल्ली ऐकत होती, कोंबड्या घर सोडून गेल्या होत्या, आणि मी शेजारी उभा राहून म्हणत होतो, किती शांत.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे चढवले, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. दोन-चार वेळा दाबलं, मग बराच वेळ काहीच नाही. मी काचेतून खूण करून म्हटलं, सुरू करा की. ते दार उघडून म्हणाले, "काका, झालंसुद्धा." मग कागदावर रेघ दाखवली. जाड आवाजांपर्यंत सरळ सपाट रस्ता, आणि पातळ आवाज सुरू झाले की एकदम कडा. आयुष्यभर ग्राइंडरशेजारी बसलो, त्याने टोकदार आवाज घासून नेले. माझ्या कानांचा तोरा गेला तो तिथे; दुकानात परत न मिळणारी ती गोष्ट हीच. माणूस समोर असला की मी त्याच्या ओठांवरून निम्मं उचलतो, म्हणून कोणाला कळलं नाही, मलाही नाही. मग डॉक्टर सहज म्हणाले, "फोनवर फार त्रास होत असेल ना? बायकामुलींचा आवाज तर जवळजवळ जातच असेल." मी तो रेघेचा कागद घडी घालून खिशात ठेवला. घरी येईपर्यंत तुझे सगळे रविवार आठवत आलो.

आता हे पत्र का, ते तुला कळलं असेल. तू गेलीस त्याआधी आपलं भांडण झालं होतं. मोटरीची थरथर मोजायचं ते यंत्र घेऊया म्हणालीस, मी म्हटलं माझे कान आहेत, आणि तू म्हणालीस, "बाबा, तुमचे कान तुमच्याबरोबर जातील. मग मी काय लावून ऐकू?" मी त्या रात्री जेवलो नाही हे खरं. पण नंतरच्या प्रत्येक रविवारी मी फोनची वाट बघितली. पहिला प्रश्न दर वेळी तोच असतो हे माहीत होतं, म्हणून उत्तर देता येत होतं. त्यापुढे तू बोलायला लागलीस की कापसातून कोणी पुटपुटतंय असं ऐकू यायचं. मी लाइनला दोष द्यायचो आणि "बरं बरं, घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकायचो. परवा आईने सांगितलं, तू तिला म्हणालीस, "बाबांना नको देऊस, त्यांना माझ्याशी बोलायचं नसतं." ठिणगे, मी रुसलो नव्हतो गं. मला तू ऐकू येत नव्हतीस. वर्षभर तू मला काय काय सांगितलंस, त्यातलं मला काहीच माहीत नाही, आणि मला ते सगळं पहिल्यापासून हवंय. कानात लावायचं यंत्र आलंय. येत्या रविवारी फोन मी उचलणार आहे. तीनदा "काय?" म्हणालो तर ठेवू नकोस, चौथ्यांदा सांग. आणि सुट्टीत ये. थरथर मोजायचं ते यंत्र तू येऊन निवड, मला त्यातलं कळत नाही. खुराड्याच्या डब्यातली कॉइल मी उलगडून ठेवलीये. ती तू भर, वार्निश मुरेपर्यंत थांब, आणि मालक घरात आहेत की नाहीत ते आतून मोठ्याने सांग.

तुझ्या फोनची वाट बघणारा, तुझाच
बाबा

ता. क. कानातलं यंत्र लावून आज पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये बसलो, तर कुठली तरी मोटर शिट्टी घालत होती. गिऱ्हाइकांच्या सगळ्या बंद करून बघितल्या, तरी शिट्टी चालूच. शेवटी आईने येऊन वर बोट दाखवलं. माझ्या खुर्चीवरचा पंखा आहे. बेअरिंग गेलंय. आई म्हणते, तू गेलीस त्याच्या आधीपासून वाजतोय.